वाचकांचे प्रश्न : प्रकाशाने मोजलेली जाडी

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे. जानेवारीत मिरजेत तिच्या डोळ्याची ओसीटी (आतल्या पडद्याच्या थरांचे प्रकाशाने चित्र घेण्याची) तपासणी झाली तेव्हा पडद्याची मध्यभागी जाडी २३६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आली. आता सांगलीत दुसऱ्या दवाखान्यात तीच तपासणी केली, तर २९१ आली. नजरेत फरक जाणवत नाही. सूज वाढली असे समजावे का? आणि डोळ्याला हातही न लावता प्रकाशाने आतली जाडी कळते तरी कशी?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचा उलगडा त्यातूनच होतो. सोनोग्राफीत ध्वनी आत पाठवतात आणि त्याचा प्रतिध्वनी किती उशिरा परतला यावरून खोली काढतात. ओसीटीत हेच काम प्रकाशाकडून, बहुतेक यंत्रांत ८४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाकडून करून घेतात. अडचण वेगाची असते. दहा मायक्रॉनचा थर ओलांडून परत यायला प्रकाशाला सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळ लागतो आणि तो थेट मोजणे इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या आवाक्यातले नाही. म्हणून किरणाचे दोन भाग करतात : एक डोळ्यात जातो, दुसरा ठाऊक अंतरावरच्या आरशाकडे. परतलेले दोन्ही भाग एकत्र आणले, की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून उजेड कमीजास्त होतो. यालाच व्यतिकरण म्हणतात. अनेक तरंगलांबींचे मिश्रण असलेला प्रकाश मुद्दाम वापरल्यामुळे हा परिणाम दोन्ही मार्गांची लांबी काही मायक्रॉनच्या आत जुळली तरच दिसतो, आणि आरसा सरकवत गेले की एकेका थराची खोली हाती येते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या पिढीच्या यंत्रांत आरसा स्थिर असतो. मिसळलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेऊन सगळ्या थरांची खोली गणिताने एकदम काढतात, त्यामुळे ही यंत्रे सेकंदाला हजारो जागी थरांची खोली टिपतात.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. यंत्राला मिळते ते थरांचे चित्र. ‘जाडी’ हा आकडा त्या चित्रावर संगणकाने आखलेल्या दोन रेषांमधले अंतर असतो. वरची रेषा सगळीकडे सारखीच, पण खालची कुठे आखायची हे यंत्रागणिक बदलते. जुनी यंत्रे प्रकाशग्राही पेशींमधल्या एका ठळक रेषेपाशी थांबत; नवी यंत्रे त्याखालच्या रंगद्रव्य पेशींच्या थरापर्यंत किंवा त्याच्याही तळापर्यंत मोजतात. विहिरीची खोली एकाने पाण्यापर्यंत मोजावी आणि दुसऱ्याने तळापर्यंत, तसे हे आहे. एवढ्या एका कारणाने पन्नास-साठ मायक्रॉनचा फरक पडू शकतो. तुमच्या दोन आकड्यांत ५५ चा फरक आहे, तेव्हा निव्वळ आकड्यांवरून सूज वाढली असे म्हणता येत नाही, आणि नाही असेही म्हणता येत नाही.

याचा निकाल चित्रावरूनच लागेल. दोन्ही अहवाल, केवळ आकड्यांचे पान नव्हे तर थरांची मूळ चित्रेसुद्धा, डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा. सूज असेल तर थरांमध्ये द्रवाच्या काळ्या पोकळ्या दिसतात. संगणकाची रेषा थराला धरून आहे की मध्येच भरकटली आहे, हेही डॉक्टर पाहू शकतात. मोतीबिंदूमुळे परतणारा प्रकाश क्षीण झाला तर ती भरकटू शकते. चित्रातल्या लाल-पिवळ्या रंगांनी घाबरू नका. डोळ्याच्या आत तसे रंग नसतात, परतलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेला संगणकाने ते दिलेले असतात. यापुढची तपासणी मात्र शक्यतो एकाच यंत्रावर करून घ्या. सुजेसाठी डोळ्यात इंजेक्शन द्यायचे की थांबायचे, हा निर्णय बऱ्याचदा अशा तुलनेवर घेतला जातो, म्हणून हा आग्रह धरण्यासारखा आहे.

प्रश्न : हिवाळ्यात पहाटे वडिलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की कधी आकडाच येत नाही, कधी ८६ दाखवून थोड्या वेळाने ९५ होतो. यंत्र बिघडले आहे का?
– एक वाचक, पाचगणी

उत्तर : बहुधा नाही. हे यंत्र ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवते. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश अधिक शोषते, ऑक्सिजन असलेले अवरक्त. कातडी, हाड, नख यांचे शोषण स्थिर असते. नाडीच्या ठोक्याबरोबर बदलतो तो फक्त धमनीतल्या रक्ताचा वाटा, आणि तेवढाच बदल यंत्र मोजते. ही युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. थंडीने बोटाच्या रक्तवाहिन्या आकसल्या की तो बदलच नाहीसा होण्याइतका लहान होतो. हात चोळून ऊबदार करा, नखाला रंग असेल तर काढा, हात स्थिर ठेवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. कातडीच्या रंगाचाही परिणाम होतो : अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांतला कमी ऑक्सिजन या यंत्रातून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट आढळले. म्हणून वडिलांना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकडा ९५ असला तरी डॉक्टरांकडे न्या.