तणनाशकाचे अवशेष किती दिवस टिकतात?

प्रश्न: फवारणी ते पुढची पेरणी यांतील, लेबलवर दिलेला कालावधी उलटल्यानंतर पेरूनही, ॲट्राझीन हे तणनाशक फवारलेल्या शेतातील सोयाबीन पिवळे पडले. मधला काळ कोरडा गेला होता. औषधात भेसळ असेल का?

उत्तर: भेसळीपेक्षा कोरडेपणाचीच शक्यता अधिक वाटते. ॲट्राझीनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अवशेष नाहीसे होण्यास लागणारा काळ, सरासरी ६० दिवस धरतात. त्यानंतरच्या ६० दिवसांनीही चौथा हिस्सा उरतोच. शिवाय हे विघटन मुख्यतः जमिनीतील सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना वाफशाइतका ओलावा व ऊब लागते. तापमान १० अंश सेल्सियसने उतरले की हा वेग साधारणपणे निम्म्यावर येतो, आणि माती सुकली की तो जवळजवळ थांबतो. म्हणून कालावधी मोजताना कोरडे व कडाक्याच्या थंडीचे दिवस हिशेबात धरूच नयेत, असे माझे मत आहे.

प्रश्न: मेटसल्फ्युरॉन आम्लधर्मी जमिनीतून लवकर जाते, मग आमच्या चुनखडीच्या जमिनीत का रेंगाळते?

उत्तर: सल्फोनिलयुरिया गटातील या तणनाशकाचे रेणू आम्लधर्मी ओलाव्यात पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेनेच तुटतात. चुनखडीच्या जमिनीप्रमाणे सामू (आम्लता-विम्लतेचा अंक, pH) ७ च्या वर गेला की ही क्रिया अतिशय मंदावते आणि सारा भार सूक्ष्मजीवांवर पडतो. त्यातच या गटाची मात्रा हेक्टरी काही ग्रॅम असते, त्यामुळे संवेदनशील पिकाला अत्यल्प अवशेषही बाधतात. इमाझेथापायरचे मात्र नेमके उलट आहे: आम्लधर्मी जमिनीत ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते, सूक्ष्मजीवांच्या हाती लागत नाही आणि म्हणून अधिक काळ टिकते. ‘आम्लधर्मी जमीन चांगली’ असा सरसकट नियम त्यामुळे करता येत नाही.

प्रश्न: सेंद्रिय खत घातल्यास अवशेष लवकर संपतात का?

उत्तर: नेहमीच नाही. खताने सूक्ष्मजीव वाढतात, पण सेंद्रिय पदार्थ तणनाशकाला धरूनही ठेवतात. अर्थात, जमिनीत असणे आणि पिकाला बाधणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅराक्वाट चिकणमातीत वर्षानुवर्षे राहते, परंतु इतके घट्ट बांधलेले असते की मुळांना ते मिळत नाही.

प्रश्न: शेतात पाणी साचले तर?

उत्तर: बहुतेक तणनाशकांचे विघटन हवेअभावी मंदावते. ट्रायफ्लुरालिन हा ठळक अपवाद आहे. ते अशा स्थितीत उलट लवकर तुटते.

प्रश्न: पेरणीपूर्वी घरच्या घरी खात्री कशी करावी?

उत्तर: शेताच्या अनेक ठिकाणांहून, विशेषतः फवारणीचे पट्टे एकमेकांवर आले असतील तेथून, वरच्या १० सेंटीमीटर थरातील माती घ्यावी. एका कुंडीत ती व दुसरीत न फवारलेल्या जागेची तशीच माती भरून दोन्हींत पुढच्या पिकाचेच बी लावावे आणि तीन आठवडे वाट पाहावी. बी उगवले म्हणून निश्चिंत होऊ नये. ॲट्राझीन प्रकाशसंश्लेषण रोखते, त्यामुळे रोप बियाण्यातील अन्नावर व्यवस्थित वर येते आणि पिवळेपणा नंतर पानांच्या कडांपासून दिसू लागतो.