नवा काँक्रीट रस्ता दुसऱ्याच दिवशी तडकला, सिमेंट भेसळीचं असेल का?

सिमेंटला शिव्या घालणं सगळ्यात सोपं. आमच्या साईटवरही तेच झालं होतं.

सोलापूरकडचं काम, फेब्रुवारी महिना. ऊन बेताचंच, पण दुपारी कोरडा वारा सुटला. काँक्रीट अंथरणारं यंत्र, म्हणजे पेव्हर, पुढे सरकतोय, मागे पोरं फिनिशिंग करतायत, तेवढ्यात ओल्या काँक्रीटवरच हातभर लांबीच्या तिरक्या भेगा दिसायला लागल्या, एकमेकींना समांतर. साहेब गाडीतून उतरले ते थेट सिमेंटला शिव्या घालू लागले. मी म्हटलं, साहेब, वारा बघा. तर म्हणे, "वाऱ्यानं काँक्रीट फुटतं होय रे?" पोरं हसली. त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, २८ दिवसांनी फोडले, सगळे पास. त्यावर साहेब चकार शब्द बोलले नाहीत.

धुतलेली चादर उन्हापेक्षा वाऱ्यावर लवकर सुकते, हे घरी सगळ्यांना कळतं. काँक्रीटमधलं पाणी वर येतं त्यापेक्षा भराभर उडायला लागलं की वरचा थर आखडतो, आणि तेव्हा त्यात ताकद नसते. चौरस मीटरमागे तासाला किलोभर पाणी उडायला लागलं की धोका धरायचा. मिक्स ३० अंशांच्या वर नको म्हणून सगळे थर्मामीटर खुपसतात, बर्फ टाकतात. वारा कोण मोजतं? मुंबईच्या दमट मे महिन्यात जे निभावतं, ते सोलापूरच्या फेब्रुवारीत निभावत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या तड्याचं कारण बहुधा रात्र. सकाळी टाकलेलं काँक्रीट दुपारी उन्हानं आणि सिमेंटच्या स्वतःच्या उष्णतेनं तापतं, रात्री गारठून आकसतं. तोवर जॉइंट, म्हणजे तडा ठरल्या जागीच जावा म्हणून कटरनं पाडायची खाच, कापला नसेल तर ते स्वतःच कुठेतरी फाटतं. वळवाचा पाऊस आला तर आणखी लवकर. "कटरवाला सकाळी येईल" म्हणणाऱ्याला साईटवर ठेवू नये.

तुमचा तडा या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा गेला असेल तर कटिंगला उशीर झाला असं समजा. मधेच सुरू होऊन मधेच संपणाऱ्या उथळ भेगा असतील तर वारा आणि उशिरा मारलेलं क्युरिंग कंपाउंड, म्हणजे ओल टिकवायला वरून फवारतात ते. हां, पाणी जास्त घातलं असेल किंवा खाली पॉलिथिन अंथरलं नसेल, तरी तडे जातात. सिमेंटही क्वचित खराब निघतं, नाही असं नाही.

पण ठेकेदाराकडे सिमेंटचं सर्टिफिकेट मागण्याआधी, साईटवर वारा मोजायचं यंत्र होतं का ते विचारा. हातात मावणारी वस्तू आहे. आमच्या साहेबांनी शेवटपर्यंत घेऊ दिली नाही, खर्च वाढतो म्हणून.