प्रवासी, कलमी की आवणीतले?

नेरूळच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या मुलीच्या कला महाविद्यालयात, परक्या देशात राहून काम करणाऱ्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांवर व्याख्यान आहे. निमंत्रणपत्रिकेवर मथळा आहे ‘प्रवासी कलावंत’. हे मराठी बरोबर आहे का, आणि नसेल तर दुसरा कोणता शब्द वापरावा?

बरोबर नाही. मराठीत प्रवासी म्हणजे ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर पनवेल गाडीची वाट बघत घामाघूम उभा असलेला माणूस. गाडी आली, तो चढला, नेरूळला उतरला, की त्याचं प्रवासीपण संपलं. शिल्पकार अनिश कपूर १९७३ पासून लंडनमध्ये आहे. पन्नास वर्षं झाली, तो कुठल्या गाडीची वाट बघतोय?

हा हिंदीतला प्रवासी आहे. ९ जानेवारीला ‘प्रवासी भारतीय दिवस’ येतो, आपली वर्तमानपत्रं तो जसाच्या तसा उचलतात आणि तिथून तो पत्रिकांवर येऊन बसतो. आता कोणीतरी मला संस्कृत शिकवायला येईल, म्हणून आधीच सांगतो: होय, प्र + वस् म्हणजे घरापासून दूर राहणे. नवरा परगावी असलेली नायिका ती प्रोषितभर्तृका, हे मलाही ठाऊक आहे. म्हणजे मूळ अर्थ हिंदीने जपला आणि मराठीने ‘राहणं’ टाकून ‘जाणं’ घेतलं. घेतलं तर घेतलं. भाषा आज जे बोलते ते खरं. आजोबांचं नाव सांगून तिकीट मिळत नाही.

‘विस्थापित’ सुचवणारेही भेटतात. ताई, तुम्ही नवी मुंबईत राहता, तुम्हाला तरी हे सांगायला नको. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांच्या तोंडी हा शब्द शोभतो. शिष्यवृत्ती घेऊन विमानात बसलेल्याला तो लावू नये. कलावंतांत तो कोणाला लागतो? मोना हाटूमला. पॅलेस्टिनी कुटुंब, जन्म बैरूतचा. १९७५ साली लंडनला थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली, तेवढ्यात लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. ती विस्थापित. ‘अनिवासी’चं तर नावच काढू नका, तो बँकेच्या फॉर्मवरचा शब्द आहे. माणूस कुठे राहत नाही एवढंच तो सांगतो.

आता मुद्द्याचं. माझे एक स्नेही आहेत, निवृत्त प्राध्यापक, फारसीचे जाणकार. त्यांनी अशा कलावंतांसाठी ‘कलमी’ हा शब्द काढला आहे आणि ठाण्यातल्या दोन-तीन सभांत तो चालवूनही पाहिला आहे. शब्द कानाला गोड आहे, कबूल. कायद्याचं कलम वगैरे सोडून देऊ, ते सगळ्यांना माहीत आहे. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, वेत. त्याचं अरबीत ‘कलम’ झालं आणि फारसीच्या हाताला धरून ते आपल्याकडे आलं. लेखणी कलम, लघुचित्रकाराचा कुंचलाही कलम, शैलीही कलम: पहाडी कलम, दख्खनी कलम. लाहोरची शाहझिया सिकंदर लघुचित्रं शिकली ती खारीच्या शेपटीच्या केसांच्या कलमानेच, वसलीवर, म्हणजे थरावर थर चिकटवून घोटलेल्या कागदावर. १९९३ मध्ये ती अमेरिकेला गेली. पुढे तीच चित्रं भिंतीएवढी झाली, पडद्यावर हलायला लागली. प्राध्यापक म्हणतात, बघा, कलम तेच, खुंट (म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात ते) निराळा!

इथेच ते फसतात. प्राध्यापकांनी आंब्याचं कलम बांधलेलं नाही. मी बांधताना पाहिलं आहे. भेट कलमात पिशवीतलं रायवळाचं, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याचं, रोप हापूसच्या झाडापाशी नेऊन टेकवतात, दोघांची साल बोटभर तासतात, उघड्या जखमा एकमेकींना लावून घट्ट बांधतात. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की आईकडची बाजू कापायची. दिसायला अगदी काव्यमय. पण फळ कोणाचं लागतं? हापूसचंच. मुळं रायवळाची, माती कुठलीही, फळावर त्याची सही नाही. कलम बांधतात ते फळ बदलू नये म्हणूनच. मग ‘कलमी कलावंत’ याचा अर्थ काय झाला? परदेशात राहिला आणि त्याच्यात काही फरक पडला नाही! म्हणजे ताईंच्या पत्रिकेला हवं त्याच्या नेमकं उलट. (अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आलेला, पोर्तुगीजांच्या कलमांतून रुजलेला हापूस आज आपला देशाभिमान झाला आहे, ही गंमत वेगळी. तिच्यावर पुन्हा कधीतरी.)

पण थांबा. कलम आणखी एक आहे आणि खरा आनंद तिथे आहे. आपट्यांच्या संस्कृत कोशात ‘कलम’ उघडा. अर्थ सापडतात: एक जातीचं भात, लेखणी आणि चोर. तिन्ही एका नोंदीत. यातला लेखणी हा अर्थ ग्रीकांकडून नंतर येऊन चिकटलेला, असं मला वाटतं. भात मात्र आपलं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू वंगदेशच्या राजांना उखडतो आणि पुन्हा त्यांच्याच गादीवर बसवतो. ते त्याच्या पायाशी वाकतात आणि त्याला भरभरून देतात. कशासारखे? कलमा इव. कलम भातासारखे. आणि विशेषण आहे ‘उत्खातप्रतिरोपिताः’, उपटून पुन्हा लावलेले. एवढ्या लांबलचक समासात कालिदासाने भाताची लावणी भरली आहे! (तमाशातली लावणी यावरूनच आली, असं कोणी सांगायला लागलं की मी चहा मागवतो.)

आमच्या मजल्यावर घणसोलीच्या एक आगरी आजी राहतात. आता टॉवर उभे आहेत तिथे त्यांची शेतं होती. मी त्यांना लावणीबद्दल विचारलं, तर त्यांनी हातातल्या पिशवीतून समुद्रमेथीची मुळासकट जुडी काढली आणि जिन्यातच दाखवलं: राबातलं, म्हणजे रोपवाटिकेतलं, आवण (भाताची कोवळी रोपं) असं उपटायचं, मुळं अशी पायावर आपटायची म्हणजे चिखल झडतो, मग मूठ बांधायची आणि चिखलणी केलेल्या खाचरात नेऊन दोन-तीन काड्या बोटांनी खोचायच्या. फरशीवर वाळू पडली ती नंतर मीच झाडली. त्यांनी आणखी एक सांगितलं आणि ते मला कुठल्याच कोशात मिळालं नसतं. लावल्यावर आठवडाभर रोप पिवळं पडतं. नवखा शेतकरी घाबरतो, मेलं म्हणतो. मेलेलं नसतं, नवी मुळं धरत असतं. मग एकदम काळंभोर हिरवं होतं.

हा माझा सिद्धान्त आहे, आणि प्राध्यापकांनी खुशाल नाक मुरडावं: परक्या मातीत घडलेला कलावंत कलमी नसतो, आवणीतला असतो. मुळं त्याची स्वतःचीच, पण नव्याने, तिथल्या चिखलात फुटलेली. ठसाचित्रकार झरीना बघा. जन्म अलीगढचा, १९३७ चा. पुढे बँकॉक, पॅरिस, टोकियो करत न्यूयॉर्कला स्थिरावली. १९९९ मध्ये तिने ३६ लाकूडठशांची मालिका केली, ‘होम इज अ फॉरेन प्लेस’. प्रत्येक ठशाखाली एकच उर्दू शब्द, नस्तालिकमध्ये, म्हणजे उर्दूच्या वळणदार लिपीत: घर, चौखट, असे. वर काळ्या रेघांची आकृती, खाली शब्द. अलीगढला राहिली असती तर घराच्या चौकटीकडे तिने इतक्या लांबून कधी पाहिलं असतं? आणि कपूर. मुंबईत जन्मलेला, लंडनला शिकलेला. १९७९ मध्ये भारतात फेरी मारून गेला आणि परतल्यावर जमिनीवर कोरड्या रंगाचे ढीग मांडू लागला, लाल, पिवळे, थेट देवळाबाहेरच्या कुंकू-गुलालासारखे. ते गुलाल त्याने लहानपणी पाहिलेच असणार. दिसले मात्र लंडनहून आल्यावर. मधली सहा वर्षं हा पिवळा पडण्याचा काळ, असं मी धरून चालतो.

उलट्या दिशेचं आवणही असतं, हे पत्रिकावाल्यांच्या गावी नाही. वॉसवो हा अमेरिकन, मिलवॉकीचा, कित्येक वर्षं उदयपूरला काम करतोय. तिथल्या आर. विजय या लघुचित्रकाराबरोबर तो चित्रं करतो आणि त्यांत स्वतःलाच हॅटवाला गोरा साहेब म्हणून चिडवून घेतो. त्याला ‘प्रवासी भारतीय’मध्ये कुठे बसवणार?

कोशातल्या तिसऱ्या अर्थाबद्दल, चोराबद्दल, लिहिणार नव्हतो. पण दोन देशांत राहून दोन्हीकडचं उचलणाऱ्यांना तोच अर्थ सर्वांत नीट लागतो, असं आमच्या प्राध्यापकांनीच फोनवर सांगितलं. त्यांचं मला पटलेलं हे एकमेव वाक्य.

हां, ताईंची पत्रिका. ‘आवणीतले कलावंत’ महाविद्यालय छापणार नाही, कल्पना आहे. सरळ ‘परदेशस्थ कलावंत’ करा. जुना, स्वच्छ शब्द आहे, कुठून कुठे गेला ते विचारत नाही, त्यामुळे वॉसवोही त्यात बसतो. पत्रिका छापून झाल्या असतील तर ‘प्रवासी’ पेनाने खोडून वर लिहा. दोन अक्षरं जास्त आहेत, जरा बारीक लिहावं लागेल.