कायरोप्रॅक्टिक क्लिनिक: क्लेम बिघडतो तो डेस्कवरच

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणक्याचे उपचार करणारा डॉक्टर) फ्रंट डेस्कला होतात, आता ऑफिस मॅनेजर केलंय. डॉक्टर एकच, मदतनीस दोन, दिवसाला ३५-४० पेशंट. क्लेम (विमा कंपनीकडे पाठवलेली बिलं) परत येतायत. आधी बिलिंग हातात घेऊ की अपॉइंटमेंटचं वेळापत्रक?

दोन्ही नको. आदल्या दिवशीच्या दुपारपासून सुरुवात करा. परत आलेले बरेचसे क्लेम डेस्कवरच बिघडलेले असतात, बिलिंगवाल्याला फक्त त्याची बातमी कळते.

उद्याच्या यादीतल्या प्रत्येक नव्या पेशंटचा, आणि जानेवारीत प्रत्येकच पेशंटचा (डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम, पुन्हा शून्यापासून सुरू होतं), विमा आज दुपारी तपासून ठेवायचा. विमा कंपनीच्या पोर्टलवर 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं म्हणून काम झालं असं नाही. कायरोप्रॅक्टिकसाठी वर्षाला किती व्हिजिट, त्यातल्या किती वापरल्या, त्या फिजिओथेरपीसोबत एकत्र मोजतात का, कोपे (दर व्हिजिटला पेशंटने द्यायची रक्कम) किती, पूर्वपरवानगी लागते का, आणि हा भाग दुसरीच कंपनी सांभाळते का, हे सगळं विचारा. शेवटचा प्रश्न हमखास राहतो आणि क्लेम भलत्याच पत्त्यावर जातो. फोनवर बोललेल्या माणसाचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर फाइलमध्ये लिहा. पुढे भांडायची वेळ आली तर तेवढंच हाताशी असतं.

६५ वरच्या पेशंटला एकच प्रश्न जास्तीचा: "याशिवाय दुसरं कार्ड आहे का?" मूळ मेडिकेअरचं (६५ वरच्यांचा सरकारी विमा) लाल-पांढरं-निळं कार्ड पुढे करतात, पण प्रत्यक्षात मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज (तोच विमा, पण खाजगी कंपनीमार्फत) घेतलेलं असतं. मग मूळ मेडिकेअरला पाठवलेला क्लेम परत येणारच.

मूळ मेडिकेअर कायरोप्रॅक्टरला एकाच गोष्टीचे पैसे देतं: हाताने केलेलं मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजेच अ‍ॅडजस्टमेंट. तपासणी, एक्स-रे, शेक, व्यायाम, मसाज यातलं काहीच नाही. कोड तीनच: मणक्याचे १-२ भाग असतील तर ९८९४०, ३-४ असतील तर ९८९४१, पाचही असतील तर ९८९४२. उपचार सुधारणेसाठी चालू असेल तर एटी मॉडिफायर (कोडमागे जोडायची खूण) हवाच, नसला तर नकार ठरलेला. पण डोळे मिटून प्रत्येक क्लेमला एटी लावणं त्याहून वाईट, कारण ऑडिटमध्ये आधी तेच उघडतात. डॉक्टरांच्या नोटमध्ये चारपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात: वेदना, असमतोल, हालचालीतला फरक, स्नायू-ऊतींचा ताण. त्या दोनांतली एक असमतोल किंवा हालचाल असलीच पाहिजे. नुसतं 'कंबर दुखते, अ‍ॅडजस्ट केलं' चालत नाही. नोट डॉक्टरांची असली तरी ही अट त्यांच्या स्क्रीनशेजारी चिकटवून ठेवणं तुमचं काम.

पेशंट बरा झालाय, पण "महिन्यातून एकदा बरं वाटतं" म्हणून येतोय, तर ती मेंटेनन्स केअर झाली. ती मेडिकेअरमध्ये बसत नाही. अशा वेळी उपचाराआधी एबीएन फॉर्म (मेडिकेअर पैसे देणार नाही असं पेशंटला आधीच कळवणारा) भरून घ्यायचा: अंदाजे रक्कम तुम्ही लिहायची, तीन पर्यायांतला एक पेशंटने स्वतः निवडायचा, सही आधी, टेबल नंतर. क्लेमवर मग एटी नाही, जीए (एबीएन घेतल्याची खूण). पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून सरसकट एबीएनवर सह्या घेऊन ठेवायची 'हुशारी' करू नका. तो फॉर्म ग्राह्य धरत नाहीत.

खाजगी विम्यात दोन ठिकाणी ठेच लागते. एकाच दिवशी तपासणी आणि अ‍ॅडजस्टमेंट झाली तर तपासणीच्या कोडला २५ मॉडिफायर. आणि ९७१४० (मॅन्युअल थेरपी) अ‍ॅडजस्टमेंटच्याच भागावर केली तर ती त्यातच धरली जाते, सीओ-९७ ('पैसे दुसऱ्या सेवेतच धरले' असा नकार) येऊन पडतो. मान अ‍ॅडजस्ट केली आणि हाताने काम कमरेवर केलं, तरच ५९ मॉडिफायर लावून वेगळं बिल, आणि नोटमध्ये दोन्ही भाग स्वच्छ लिहिलेले हवेत. मिनिटं लिहिण्यात मदतनीस आळस करतात. ८ मिनिटांच्या नियमाने ८ ते २२ मिनिटं म्हणजे बिलाचं एक युनिट, २३ ते ३७ म्हणजे दोन. सात मिनिटांच्या व्यायामाचं बिल होत नाही.

आपल्याकडची मंडळी भारतातून आलेल्या आईवडिलांना आणतात, बहुतेकांना हाडवैद्याकडे आल्यासारखं एकदाच कडकड वाजवून जायचं असतं. व्हिजिटर इन्शुरन्सवर भिस्त ठेवू नका, पॉलिसीत कायरोप्रॅक्टिक आहे का ते आधी वाचा. रोख पैसे देणाऱ्याला २०२२ पासून लेखी अंदाजपत्रक द्यावं लागतं. अपॉइंटमेंट किमान तीन कामाचे दिवस आधी ठरली असेल तर ठरल्यापासून एका कामाच्या दिवसात. बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर पेशंट वाद घालू शकतो. आणि ओळखीचे म्हणून कोपे सोडायची सवय लावू नका. सरकारी विम्यात ते लाच दिल्यासारखं धरलं जाऊ शकतं.

ओळखीवरूनच: मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून "काकू, आज कंबर कशी आहे?" हे वेटिंग रूममध्ये नको. सही करायच्या कागदावर नाव आणि वेळ पुरे, येण्याचं कारण नको.

वेळापत्रकाबद्दल फार नाही. नव्या पेशंटला ४५ मिनिटं, नेहमीच्याला १०-१५, आणि संध्याकाळी ४ ते ६ च्या गर्दीत नवा पेशंट घालू नका. एक उशीर झाला की मागचे सहा चिडतात.

आता शेकाचे पॅक तापवायची टाकी, कारण भाजण्याचे प्रकार तिथेच होतात. पाणी १६०-१६५ अंश फॅरेनहाइट (७१-७४ सेल्सिअस), थर्मोमीटर रोज सकाळी, आकडा वहीत. पॅक पूर्ण बुडालेला हवा, वापरल्यावर पुन्हा तापायला अर्धा तास. पेशंटवर ठेवताना टॉवेलचे ६ ते ८ थर, साधारण २० मिनिटं, आणि पाच मिनिटांनी पॅक उचलून त्वचा बघायची. पेशंटला पॅकवर झोपवू नका: वजनाने टॉवेल दबतात, मधली हवा जाते आणि उष्णता थेट अंगाला लागते. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्याला "गरम लागतंय का?" विचारून उपयोग नाही, त्याला कळतच नाही. इलेक्ट्रोडचे चिकट पॅड प्रत्येकाचे वेगळे, नाव लिहिलेल्या झिपच्या पिशवीत. टेबलावरचा कागद प्रत्येक पेशंटमागे बदलायचा, आणि जंतुनाशक पुसून लगेच कोरडं करायचं नाही. बाटलीवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला तरच ते काम करतं.

संध्याकाळी दार लावायच्या आधी तीन आकडे जुळवा: आलेले पेशंट, सही झालेल्या नोट्स, टाकलेले चार्जेस. ३८ आले, ३७ नोट्स, ३८ चार्जेस असं दिसलं तर तो एक चार्ज थांबवा, डॉक्टर गाडीत बसायच्या आत नोट पूर्ण करून घ्या. क्लेम त्याच दिवशी पाठवा. क्लिअरिंगहाउसने (क्लेम तपासून विमा कंपनीकडे पुढे पाठवणारी मधली संस्था) परत केलेला क्लेम विमा कंपनीपर्यंत पोचलेलाच नसतो, पण मुदत मात्र चालू असते. मेडिकेअरची उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष, खाजगी कंपन्यांची कितीतरी ठिकाणी ९० किंवा १८० दिवस. मुदत उलटली की सीओ-२९ (मुदत उलटल्याचा नकार) येतो आणि त्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे तिच्याशी करारात, असाल तर ते पैसे पेशंटकडूनही मागता येत नाहीत. म्हणून तो रिजेक्शनचा रिपोर्ट सकाळी फोन वाजायला लागायच्या आधी उघडा, आणि नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, मेंबर आयडी या तीन चुका तिथल्या तिथे दुरुस्त करून पुन्हा पाठवा.