तुमचे प्रश्न : ऑफिसमधले काका गेले, शोकसभेत मी काय बोलू?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या अकाउंट्समधले एक काका मागच्या आठवड्यात गेले. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण अजूनही कुठे टॅली होईना की कोणीतरी म्हणतंच, काका हवे होते. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. मी नवीन होते तेव्हा एकदा हिशोब जुळेना म्हणून रडकुंडीला आले होते, तर त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, आधी फरकाला नऊने भाग जातोय का बघ. आता त्यांच्या मुलाचा फोन आला की शोकसभेत ऑफिसतर्फे तुम्हीच बोला. तेव्हापासून लिहायला बसते, मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल एवढं लिहिते आणि कागद फाडते. घरी डोळे भरून आले तर घरचे म्हणतात एवढं काय, सख्खे होते का तुझे? आणि खरं सांगू, रिटायर झाल्यावर मी त्यांना दोनदाच भेटले, फोन करू करू म्हणत राहूनच गेला. मग बोलायचा मला काय अधिकार?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या नऊच्या भागाकारापाशी थांबले. अहो, तुमचं भाषण तिथेच आहे की! बाकीच्यांसाठी सांगते, आकडे लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली, म्हणजे ५,४७० च्या जागी ५,७४० पडलं, तर फरक २७० येतो, आणि अशा चुकीत फरकाला नेहमी नऊने भाग जातो. हिशोबातली जुनी युक्ती आहे, पुस्तकातही मिळेल, पण तुम्हाला ती रडवेल्या वेळी एका माणसाने शेजारी बसून दिली, न ओरडता, आणि मला वाटतं आज तुम्ही ती तुमच्या ज्युनिअरला देत असाल. कष्टाळू, मनमिळाऊ हे शब्द खोटे नाहीत, पण ते कोणालाही लागू होतात. खुर्ची ओढून बसणारे काका एकच होते.

पत्रात तुम्ही पुढे लिहिलंय (जागेअभावी सगळं छापता आलं नाही) की त्यांच्या टेबलाच्या काचेखाली मुलीने लहानपणी काढलेलं घराचं चित्र होतं, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हललं तेव्हाही त्यांनी ते आधी स्वतःच्या हाताने काढून घेतलं आणि मग टेबल उचलू दिलं. हे त्या मुलीला माहीत आहे का? बहुतेक नसेल. माणूस घरी येऊन ऑफिसचं सगळं कुठे सांगतो, आणि घरची माणसं आपल्याला किती प्रिय आहेत हे तर घरी मुळीच बोलत नाही, ते शेजारच्या टेबलावर बोलतो, रिझल्ट लागला, ताप उतरला, नात झाली, हे सगळं तुम्ही ऐकलंय. म्हणजे त्यांच्या घरच्यांना न दिसलेले काका तुमच्याकडे आहेत. कुटुंबवत्सल हा शब्द न वापरता ते चित्र सांगा, सगळ्यांना कळेल.

लांबीचं म्हणाल तर तीन मिनिटं पुरे. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभरेक शब्द होतात, म्हणजे तीनशे शब्द, दोन प्रसंग आरामात बसतात. मोठ्या अक्षरात लिहा, कागद बघून वाचलं तरी काही बिघडत नाही. गळा दाटला तर थांबा, कोणी घड्याळ बघत नसतं. एक कॉपी ऑफिसमधल्या कोणाकडे तरी ठेवा, अगदीच जमलं नाही तर पुढचं ते वाचतील. नोकरीची वर्षं, पद, घरच्यांची नावं मुलाला विचारून पक्की करून घ्या, चुकीचं नाव ऐकलं की घरच्यांना फार लागतं. आजारपणाचं, पैशांचं, ऑफिसातल्या जुन्या भांडणाचं काही बोलू नका, आणि 'सुटले बिचारे' हे तर नकोच, ते म्हणायचंच असेल तर घरचे म्हणतील.

आता रडण्याचं. अमेरिकेतले दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं होतं, जे दुःख खरं असतं पण आजूबाजूचे त्याला मान्यता देत नाहीत, कारण नातं 'तेवढं जवळचं' मानलं जात नाही. सहकारी गेल्याचं दुःख बऱ्याचदा याच जातीचं. अकरा वर्षं रोज आठ तास ज्याच्या शेजारी बसलात तो परका कसा? घरच्यांना हे शांतपणे एकदा सांगा, त्यांनी काकांना पाहिलेलंच नाही म्हणून ते तसं बोलतात, मनात वाईट नसतं. आणि त्या दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) वगैरे मेसेज फिरतात ना, त्यावर स्वतःला मोजत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून.

फोन राहून गेला ते मात्र मी पुसून टाकू शकत नाही. राहिलाच. माझ्याही हातून असा एक फोन राहिलाय, म्हणून कळतं. पण म्हणून गप्प बसलात तर ते चित्रही तुमच्याबरोबर गप्प राहील. सभा झाल्यावर तुमचं लिहिलेलं त्यांच्या घरी द्या, आणि जे येऊ शकले नाहीत, शिपाई, वॉचमन, बदली होऊन गेलेले, त्यांच्याकडून चार-चार ओळी मागून सोबत द्या. मग तीनेक महिन्यांनी, घरातली वर्दळ संपली की, काकूंना फोन करा.

प्रश्न : वडील जाऊन दोन महिने झाले. त्यांचा फोन माझ्याकडे आहे, सिम बंद करू का? त्यांचे ऑफिसचे मित्र अजून त्यावर मेसेज टाकतात, मला उत्तर द्यायला होत नाही.

उत्तर : एवढ्यात बंद करू नका. आधी त्यांचे व्हॉइस मेसेज, फोटो, कॉन्टॅक्ट दुसरीकडे कॉपी करून घ्या, कारण व्हॉट्सॲपचं अकाउंट १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे डिलीट होतं आणि मग आवाज परत मिळेलच असं नाही. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील तर तीही कामं आटपून घ्या. मित्रांना एकच मेसेज करा, की मी त्यांची मुलगी, तुमचे मेसेज वाचते, बाबांची ऑफिसमधली एखादी आठवण लिहून पाठवाल का. उत्तर आज वाचायला जमलं नाही तर राहू दे, पण ते आलेलं असू दे.