सगळीकडे ‘चेंज’ नको रे

‘बदलणे’ला इंग्रजीत कुठला शब्द वापरायचा म्हणून सगळीकडे ‘चेंज’ ठोकून दिलंस, तरी इंग्रजी चुकणार नाही, फक्त सपक लागेल. कापडापासून सुरुवात कर, सोलापूरकराला ते जवळचं. चादर तीच ठेवून नक्षीत जरा फेरफार केला तर ‘मॉडिफाय’. सदरा शिंप्याकडून कमरेत आवळून घेतला तर ‘ऑल्टर’. दुकानाच्या पाटीवर ‘अल्ट्रेशन’ वाचतोस ना, तेच हे.

‘कन्व्हर्ट’साठी कुर्डुवाडी आठव. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग पुढे १६७६ मिलिमीटरचा झाला. रेल्वेवाले त्याला ‘गेज कन्व्हर्जन’ म्हणतात; गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. एका ठरलेल्या प्रकारातून दुसऱ्या ठरलेल्या प्रकारात जाणं, जसे रुपयांचे डॉलर. तिथे ‘ट्रान्सफॉर्म’ घातलंस की विचित्रच वाटतं. रूपच पालटलं, तरच तो शब्द. जाहिरातवाल्यांनी तो इतका झिजवलाय की निबंधात दिसला की मी बहुतेक वेळा खोडतो. हळूहळू, टप्प्याटप्प्याने घडत जाणाऱ्या बदलाला ‘इव्हॉल्व्ह’.

‘अडॅप्ट’ आणि ‘अडॉप्ट’ मात्र घोकूनच ठेव. पहिलं म्हणजे जुळवून घेणं, दुसरं म्हणजे स्वीकारणं, दत्तक घेणं. मुलाखतीत ‘आय कॅन अडॉप्ट टू एनी शिफ्ट’ असं छातीठोक सांगणारे कमी नाहीत. तिथे ‘अडॅप्ट’ हवं, आणि त्याच्यामागे ‘टू’.