ज्यांनी देवळं पाडली, त्यांचा पासपोर्ट घेऊ का?

तू लिहितोस की वय चोवीस, घर फोंडा तालुक्यात, नोकरी पणजीच्या हॉटेलात. आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीत नोंदलेला, त्यामुळे तुला पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो. मित्र इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात बोलावतोय. बाबा म्हणतात, "ज्यांच्या भीतीनं आपल्या लोकांनी शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला आणलं, त्यांच्या दारात जाणार?" आणि पणजीतल्या फोंतैन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतली घरं, मांडो ही गोव्याची गाणी, तिथलं मोकळं वागणं तुला मनापासून आवडतं, याचीच तुला लाज वाटते.

बाळा, लाज आधी काढून टाक. बाबांचं दुःख खरं आहे. सोळाव्या शतकात गोव्याच्या सासष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी पाडली, तो सल घराघरांत अजून आहे; 'जुनं झालं आता' म्हणून तो उडवून लावू नकोस. पण गोव्यात बाबांच्या लग्नाची नोंद झाली तीही पोर्तुगीज नागरी कायद्यानेच. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की उंडे पाव तुमच्याही घरात येत असणार. मांडो तर गोवेकरांनीच रचला, कोंकणीत. तो आवडला म्हणून सप्ताहात तुझ्या पखवाजाचा ताल चुकणार नाही.

मला काळजी आहे ती कागदांची. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज झालास की भारतीय नागरिकत्व जातं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड हातात आलं तरी मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद केली तरी भारतीय नागरिकत्व जातं का, यावरून गोव्यात कोर्टकज्जे झालेत. म्हणून एजंटाच्या भरवशावर एकही सही करू नकोस, आधी चांगल्या वकिलाला भेट. आणि मित्राला नीट विचार, तो ब्रिटनमध्ये कधी पोचला? ब्रेक्झिटनंतर, २०२१पासून, पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं आपोआप नोकरी करता येत नाही, व्हिसा लागतो. तुला खरंच पोर्तुगालमध्ये किंवा युरोपात राहायचं असेल, तर गोष्ट वेगळी. पण मग भाषा आतापासून शिकायला घे.

हे सगळं चोरून करू नकोस, एवढी माझी विनंती आहे. बाबांना परक्याकडून कळलं तर ते पासपोर्टपेक्षा तुझ्या लपवण्यानं जास्त दुखावतील. वकिलाकडे जाताना त्यांनाच सोबत ने. आजोबांच्या जन्माचा दाखला त्यांच्याच कपाटात असेल, तो त्यांच्याकडूनच मागून घे.